अर्ध्या मिनिटाचा उपदेश

"थांबा, संपलं न्हाई अजून."

उजवा हात डोक्याच्या वर, पंजा उघडा, फाट्यावर एसटीला हात करतात तसा. आमचे पास्टर दर रविवारी एकदा तरी हे वाक्य म्हणायचे, आणि ते म्हणेपर्यंत चर्चमधलं कुणी हलायचं नाही. त्याआधी ते जे बोललेले असायचे ते ऐकून नवा माणूस घाबरून जायचा.

त्यांची रीतच तशी होती. उपदेशाला उभे राहिले की आधी उलट्या बाजूनं बोलायचे. लोभावर सांगायचं असलं की स्वतः लोभी व्हायचे. माणसानं आपलं घर भरावं, शेजाऱ्याला देऊन कुणाचं भलं झालंय, असं इतकं मनापासून सांगायचे की पुढच्या बाकावरचे आडतवाले माना डोलवायचे. मग हात वर. थांबा, संपलं न्हाई अजून. आणि पुढं जे बोलायचे त्यानं त्याच माना खाली जायच्या. मुलांना हा खेळ फार आवडायचा. हात कधी वर जातो याची ती वाट बघत बसायची.

मी लातूरला चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा डाळमिलमध्ये होता. तो गेल्यापासून चर्चची किल्ली माझ्याकडं आहे. झाडते, बाकं पुसते, शनिवारी तरुण संघाच्या मुलांसाठी चहा करते. माझं शिक्षण चौथी, पण उपदेश पुष्कळ ऐकलेत. आमच्यात पाळकाची बदली होते, सरकारी नोकरासारखी. किती आले आणि किती गेले, आता सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. हे एक तेवढे वेगळे लक्षात राहिले. फार थोर होते म्हणून नाही. त्यांनी एक मोठी चूक केली आणि ती माझ्या घरात येऊन निस्तरली, म्हणून.

ते देगलूरकडचे. उंच, अंगानं सडपातळ, शर्टाच्या खिशाला पेन आणि पॅन्टच्या खिशात फोन. आले त्याच आठवड्यात त्यांचं माझं वाजलं.

त्यांच्या आधीचे पाळक दारात टोपली ठेवायचे. मुलांनी फोन टोपलीत टाकायचे आणि मग आत यायचं. हळूहळू टोपलीत फोन कमी झाले, कारण मुलंच कमी झाली. यांनी पहिल्या शनिवारी टोपली उचलून माझ्या हातात दिली आणि कांद्याला वापरा म्हणाले. मुलांना सांगितलं, फोन हातातच ठेवा, शास्त्र त्याच्यावरच उघडा.

मला ते पटलं नाही. ज्याच्यावर रात्रंदिवस नाचगाणी बघायची त्याच्यावरच देवाचं वचन? मी तोंडावर विचारलं.

ते म्हणाले, "मावशी, तुमच्या पातेल्यात मटण शिजतं, त्यातच दूध पण तापवता ना?"

"घासून घेते मी."

"मग मी तेच शिकवून राहिलो. घासायला."

उत्तर तयार असलेला माणूस मला आवडत नाही. पण शनिवारी चहाचं पातेलं मोठं घ्यावं लागलं, हे खरं.

लातूर म्हणजे क्लासचं गाव. मुखेड, उदगीर, देगलूरकडची मुलं इथं खोल्या घेऊन राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकात डोकं. त्यातली आमच्यातली मुलं शनिवारी संध्याकाळी पाठीवरच्या पिशव्यांसकट यायची. पास्टर चटईवर त्यांच्यातच बसायचे. सुरुवात ठरलेली. "बोला, या आठवड्यात फोननं काय शिकवलं?" मग एकेकानं सांगायचं. कुणी चांगलं सांगायचं, कुणी वाह्यात. ते दोन्ही ऐकून घ्यायचे.

लाजणाऱ्या मुलांना फोनवरून प्रश्न पाठवायची मुभा होती. पास्टर नाव न घेता मोठ्यानं वाचून उत्तर द्यायचे. एकदा कुणीतरी विचारलं, रात्री मुलीशी फोनवर बोलणं पाप आहे का. ते म्हणाले, तिच्या बापाला शेजारी बसवून बोलता येईल तेवढं बोल, त्यात पाप नाही. मुलं हसली. एकाचे कान मात्र लाल झाले, ते मी चहाच्या गाळणीवरून पाहिलं.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. नवीन यंत्र हातात आलं की लहान मूल होतो. टाळेबंदीत चर्च बंद होतं तेव्हा यांनी रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून फोनपुढं उपदेश केला होता. समोर मी एकटी, आणि फोन माझ्याच घरातल्या तुरीच्या डब्याला टेकवलेला. फोन आडवा ठेवायचा का उभा यात काहीतरी चुकलं. तो सगळा तास पास्टर लोकांना आडवे पडलेले दिसले. आख्ख्या मंडळीनं मान वाकडी करून उपदेश ऐकला. एका म्हाताऱ्यानं मला नंतर सांगितलं, बाई, मी तर सरळ खाटेवर आडवा झालो, बरोबर दिसायला लागले.

पुढं ते स्टेटस टाकायला शिकले. तुम्हाला माहीत असेल, फोनमध्ये आपला फोटो किंवा बोलणं एक दिवसभर लावून ठेवता येतं, ज्यांच्याकडं आपला नंबर आहे त्यांना ते दिसतं, मग आपोआप जातं. पास्टर दर सोमवारी आपल्या उपदेशाचा तुकडा लावायला लागले. आणि कुणी कुणी पाहिलं ते त्यात दिसतं म्हणे. झालं. मी झाडत असले की खुर्चीवर बसून अंगठ्यानं फोन सरकवत राहायचे. आज अमका बघून गेला, तमका तर चर्चला येत नाही तरी बघतो. मला विचारायचे, मावशी, स्टेटस बघितलं का?

"मी समोर बसून ऐकते, ते पुरत न्हाई का?"

"तुम्ही ऐकता हो. पण गाव बघून राहिलंय."

कोण बघतं ते बघायचे. काय दिसतं ते त्यांनी कधी बघितलं नाही. आणि स्टेटसमध्ये त्या वेळी अर्ध्याच मिनिटाचं बोलणं मावायचं. त्यापेक्षा लांब टाकलं की पुढचं कापलं जायचं. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते जिथं आपला आवाज सगळ्यात चढलेला असेल तिथूनच टाकायचे.

माझ्या मुलाची मुलगी प्रेरणा तेव्हा माझ्याकडं राहायला होती. माझा मुलगा मुखेडला शिक्षक आहे. मुलगी हुशार, डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला नीटच्या क्लासला घातली. तिला नववीत असताना आकडी आली होती, त्याला फिटही म्हणतात. शाळेच्या मैदानावर पडली, दातखीळ बसली, हातपाय झाडले. नांदेडच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्या. गोळ्या चालू झाल्यापासून आकडी आली नव्हती. पण कुणाला सांगायचं नाही, अशी तिच्या आईची ताकीद होती. मुलीची जात, पुढं लग्न व्हायचंय. मीही कुणाला बोलले नाही. पास्टरांनाही नाही.

तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. मुलं चटईवर गोल बसली होती. मी दाराशी किटली घेऊन उभी. पास्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. एकानं गणिताची युक्ती सांगितली, दुसऱ्यानं कुठल्या तरी कुत्र्याची गोष्ट. मग प्रेरणा उभी राहिली. ती कधी बोलायची नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

ती म्हणाली, मला फिटचा आजार आहे, हे इथं कुणाला माहीत नाही. मी रोज गोळ्या घेत होते. पास्टरांचं स्टेटस ऐकल्यापासून मी गोळ्या सोडल्या. महिना होत आला. मला काहीही झालं नाही. देवानं मला बरं केलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हालेलुया म्हणाली. त्यांचं काय चुकलं? मैत्रीण बरी झाली म्हणून वाजवल्या. माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. रोज दोन वेळा, गोळीच्या वेळेला, ती माझ्यापुढून पाण्याचा ग्लास घेऊन जायची.

पास्टरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी विचारलं, कुठलं स्टेटस? प्रेरणानं आपला फोन पुढं केला. ते स्टेटस दुसऱ्या दिवशी जाणार म्हणून तिनं त्यांच्याचकडून मागून घेतलं होतं, आणि यांनी खुश होऊन लगेच पाठवलं होतं.

तिनं ते लावलं. फोनमधून आमच्या पास्टरांचा आवाज आला, चांगला चढलेला. विश्वास आहे ना तुमचा? मग गोळ्या कशाला? फेकून द्या. ज्याचा भरवसा देवावर आहे त्याला डॉक्टरची पायरी कशाला? आणि हात वर जायच्या आधी ते बंद झालं.

मला तो रविवार आठवला. त्या दिवशी ते गावोगाव फिरून लोकांची औषधं बंद करणाऱ्या भोंदूंवर बोलले होते. आधी नेहमीसारखे स्वतः भोंदू झाले. मग हात वर केला आणि अशा माणसाला दारात उभं करू नका, असं पुष्कळ वेळ समजावून सांगितलं होतं. प्रेरणा त्या दिवशी क्लासच्या परीक्षेला गेली होती. तिला मिळालं ते एवढंच, भोंदूचं बोलणं, आणि पास्टरांचं तोंड.

ते म्हणाले, "बाळा, हे पूर्ण न्हाई. पुढं मी ह्याच्या उलट बोललोय."

"पण आवाज तुमचाच आहे ना?"

"माझाच हाय."

"मग?"

त्यांनी तिचा फोन हातात घेतला आणि तेच पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी काय काय केलं ते सांगते. समजावलं, ओरडले. नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अशा गोळ्या एकदम सोडणं फार धोक्याचं आहे, आत्ताच्या आत्ता चालू करा आणि तिला घेऊन या. ती यायला तयार होईना. मग मी गोळी कुटून वरणात घातली. तिला कडू लागलं. ती ताट सरकवून उठली आणि माझ्या हातचं जेवणंच बंद केलं, मेसचा डबा आणायला लागली. मुलाला कळवलं असतं तर त्यानं पुढच्याच गाडीनं येऊन तिला मुखेडला नेलं असतं आणि क्लास संपला असता. तेही तिला ठाऊक होतं. "सांगा पप्पांना," म्हणाली, "मग तिकडं पण गोळी घेणार नाही."

मी म्हणाले, अभ्यास गेला चुलीत, जीव आहे तर सगळं आहे. त्यावर ती रडायला लागली आणि तेव्हा मला खरं कळलं. गोळीनं तिला वर्गात झोप यायची. सरांनी एकदा भर वर्गात तिला अजगर म्हटलं होतं, तेव्हापासून पोरं तिला अजगर म्हणून हाक मारायची. गोळ्या सोडल्यापासून पहिल्यांदा ती पूर्ण तास जागी राहत होती. देवानं बरं केलं हे तिला खरं वाटत होतं, कारण ते खरं असायला पाहिजे होतं.

रविवारी पास्टरांनी सगळ्यांपुढं सांगितलं की माझं स्टेटस अर्धवट होतं, त्याचा कुणी चुकीचा अर्थ घेऊ नये. तिचं नाव घेतलं नाही. प्रेरणा मधूनच उठून गेली. घरी येऊन म्हणाली, "तुमच्या भीतीनं बोलले ते. तुम्ही जाऊन भांडला असाल."

सोमवारपासून ते रोज संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडं यायला लागले. गोळीची वेळ तीच. मला वाटलं आता शिकवतील. पण त्यांनी गोळीचं नावही काढलं नाही. चहा घ्यायचे, तिच्या पुस्तकातलं काहीतरी विचारायचे, न कळूनही मान हलवायचे, थोडी प्रार्थना करून जायचे. प्रेरणा हो-नाही एवढंच बोलायची. मला त्यांचा राग आला होता तो आलाच होता. आग लावून आता ओल्या हातानं आलात, असं मी त्यांना दारात म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं.

त्या दिवसांत मी न्हाणीघराची कडी काढून टाकली. ती आंघोळीला गेली की मी बाहेर पाटावर बसायची. एकदा आत मोठा आवाज झाला. मी दार ढकलून आत गेले तर बादली कलंडली होती आणि ती माझ्याकडं रागानं बघत उभी. "एवढं पण करू देणार नाही का आज्जी?" मी बादली सरळ केली. बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातली गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याले. इतक्या सहज, की माझ्या लक्षातही आलं नसतं. प्रेरणाच्या आलं.

"ही कशाची?"

"साखरेची."

"कधीपासून आहे?"

"लई वर्षं झाली."

"चर्चमध्ये माहीत आहे?"

ते कपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, न्हाई.

तिनं का म्हणून विचारलं. मग त्यांनी सांगितलं. शुक्रवारी उपासाची प्रार्थना असते, सगळे दिवसभर पाणी पिऊन राहतात, आणि पास्टर सगळ्यांच्या पुढं उभे राहून आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. अशा माणसाला स्वतःलाच साखर, आणि उपास झेपत नाही, हे लोकांना कसं सांगायचं? म्हणून ते मधे मागच्या खोलीत जायचे आणि दोन बिस्किटं खाऊन गोळी घ्यायचे.

मी म्हटलं, "म्हणजे शुक्रवारचा तो बिस्किटाचा भुगा तुमचा? मी उंदरांना शिव्या घालून राहिले."

प्रेरणा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पण लगेच गंभीर झाली आणि त्यांच्याकडं सरळ बघून म्हणाली, "तुम्ही लपून घेता. आणि मी सगळ्यांसमोर घ्यायची?"

"तू पण लपूनच घेत होतीस की."

"म्हणूनच गोळी सुटली." मग ती म्हणाली, "तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सांगा. उपासाचं पण सांगा. आणि स्टेटसला टाका. मग मी घेते."

ते उठले. चहा तसाच राहिला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तर पायरीवर उभे राहून हळूच म्हणाले, "मावशी, हे सोपं न्हाई हो. कमिटीत दोघं आधीच माझ्या मागं लागलेत. बदलीचा अर्ज करतील."

मी म्हटलं, "उद्या पोरगी न्हाणीत पडली तर तुमच्या कमिटीला बोलावू का उचलायला?"

मी अशीच बोलते. ते गेले. गुरुवारी आले नाहीत. शुक्रवारी उपासाच्या प्रार्थनेलाही बरं नाही म्हणून निरोप पाठवला. मी समजले, गेला हा माणूस. शनिवारी मुलाला फोन करायचा असं ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी ते आले. प्रेरणाला म्हणाले, उद्या ये, आणि फोन पूर्ण चार्ज करून आण, तुलाच धरायचाय.

रविवारी मी दाराजवळच्या बाकावर बसले. प्रेरणा पुढं, फोन दोन्ही हातांत धरून. पास्टर उभे राहिले आणि पहिल्यांदाच उलट्या बाजूनं बोलले नाहीत. हात वर गेला नाही. आवाजही चढवला नाही. खिशातली पुडी काढून व्यासपीठावर ठेवली.

"मला साखर हाय. मी रोज गोळी घेतो. मी रोज प्रार्थना करतो. गोळी सोडणं म्हणजे विश्वास न्हाई. उपासाच्या दिवशी मी मागं जाऊन खातो, ते तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं."

गोळी घेतली, पाणी प्याले आणि खाली बसले. एवढाच उपदेश. पेटी वाजवणाऱ्याला कळेना की गाणं सुरू करायचं का थांबायचं. बाहेर पडताना कमिटीतल्या एकानं त्यांना गाठून विचारलं, म्हणजे इतकी वर्षं उपास मोडत होता? ते म्हणाले, मोडत होतो. दारात आणखी एक गोष्ट घडली. आमच्या मंडळीतली एक बाई, नेहमी पहिल्या बाकावर बसणारी, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, मला पण प्रेशर हाय, चार वर्षं झाली. मी म्हटलं, मला कशाला सांगता, गोळी घ्या.

प्रेरणा बाकावरच बसली होती. तिनं घेतलेलं बोलणं स्टेटसला लावण्यासाठी ती अंगठ्यानं कापून बघत होती. आधी पहिलं वाक्य ठेवून, मग मधलं, मग शेवटचं. पास्टर तिच्या मागं येऊन उभे राहिले.

ती म्हणाली, "कुठूनही कापलं तरी उलटं होत नाही."

"व्हायला नको म्हणूनच तीन दिवस लागले," ते म्हणाले.

घरी आल्यावर तिनं डबीतून गोळी काढली. मला म्हणाली, बघू नका. मी भिंतीकडं तोंड केलं. पाणी पिल्याचा आवाज ऐकला. मग वळून पाहिलं तर ग्लास रिकामा होता आणि ती जीभ बाहेर काढून दाखवत होती, लहानपणी दाखवायची तशी. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासायला घेतली. स्वच्छच होती. छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माणसाला आधी भूकच लागते. चार भाकरी थापल्या, ती तीन जेवली. माझ्या हातचं.

दुसऱ्या दिवशी पास्टर आणि मी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. झोपेचं तिनं डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, म्हणे. डॉक्टर चिडले, मग हसले. त्यांनी हळूहळू गोळी बदलली आणि जास्तीची रात्रीवर नेली. सकाळी उठायला तिला उशीर व्हायला लागला, पण वर्गात जागी राहायला लागली. अजगर नाव काही सुटलं नाही. पोरं ती, एकदा ठेवलेलं नाव कशाला सोडतील. आता ती स्वतःच सांगते, हो, मी गोळी घेते.

पहिल्या परीक्षेत तिला पाहिजे तेवढे मार्क पडले नाहीत. यंदा पुन्हा बसते आहे. आकडी आली नाही. मला तेवढं पुरे.

पास्टरांनी उलट्या बाजूनं बोलणं सोडलं नाही. सोडलं असतं तर मलाच करमलं नसतं. पण तसं बोलायची वेळ आली की आधी म्हणायचे, आता फोन खाली ठेवा. टोपली काढून टाकणारा माणूस, पण तेवढ्यापुरता फोन खाली. पुन्हा उचला म्हटलं की मुलं उचलायची. आणि सोमवारी स्टेटस लावलं की आधी स्वतः कानाला लावून पूर्ण ऐकायचे. किती जणांनी पाहिलं ते मला सांगायचं बंद झालं.

कमिटीतल्या त्या दोघांनी अर्ज केला का नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या बदल्यांमध्ये त्यांना मुदखेड मिळालं. तिथं रेल्वेचं स्टेशन मोठं आणि मंडळी लहान. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पाळक हा जायचाच असतो, हे मी इतक्या जणांना निरोप देऊन शिकले आहे. सामान टेम्पोनं आदल्या दिवशीच गेलं. ते स्वतः सकाळी आपल्या जुन्या दुचाकीवर निघणार होते.

निघताना आमच्या दाराशी आले. हेल्मेट हातात, पाठीला पिशवी. मी सलाम केला, त्यांनी केला. आत या म्हटलं, तर उशीर होतोय म्हणाले. मग दाराच्या फटीतून आत बघत विचारलं, पोरगी कुठाय?

"झोपलीय. उठवते, थांबा. तिला भेटल्याशिवाय गेलात तर मला खाईल ती."

"रात्रीची गोळी घेतली होती?"

"घेतली की."

"मग निजू द्या."

तरी त्यांनी पायातल्या चपला काढल्या. आत काही आले नाहीत. उंबऱ्याशीच थोडा वेळ उभे राहिले. आत पंखा चालू होता, ती भिंतीकडं तोंड करून, पांघरुणातून एक पाय बाहेर काढून गाढ झोपली होती. मग चपला घालून ते पायऱ्या उतरले.

आमच्या गल्लीत घरं दाटीनं आहेत, गाडीचा आवाज थेट उशाशी येतो. त्यांनी गाडी चालू केली नाही. हॅन्डल धरून, पाठीवरच्या पिशवीसकट, गल्लीच्या तोंडापर्यंत ती ढकलत नेली. कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले, आणि मग मोठ्या रस्त्यावरून कुठून तरी किक मारल्याचा आवाज आला.